हाक मारेपर्यंत

१

दालनाचं शटर सकाळी अर्धंच वर करायचं, असा नियम होता. भिंतीवर टांगलेल्या निळीत रंगवलेल्या कापडांना थेट ऊन सोसत नाही. मग खारू बांबूच्या टोपल्यांवरून मऊ ब्रश फिरवायची, वाडग्यांच्या कपाटाच्या काचा पुसायची आणि शेवटी मागे जाऊन हवेतला ओलावा दाखवणारा काटा बघायची. काटा जागेवर असला की दिवस सुरळीत जाणार, अशी तिची समजूत होती.

खारू हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती शेंगदाणे खिशात, दप्तरात, उशीच्या अभ्र्यातसुद्धा लपवून ठेवायची, म्हणून आत्याने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. पुढे ताई गळून पडली. आता तिची पन्नाशी जवळ आली होती आणि तिला खारू म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं.

दालन मालकीणबाईंचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या तरुणपणी बरीच वर्षं जपानात राहिल्या होत्या. परत येताना लोक फोटो आणतात. बाईंनी टोपल्या, वाडगे, कापडं आणि कागदाच्या गुंडाळ्या आणल्या. नवरा गेल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या छापखान्याची जागा घेतली आणि तिथे हे सगळं मांडलं. मागच्या भागात सुताराकडून चहाची एक खोली बांधून घेतली. खोलीच्या आत खोली. चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच. खाली गवताच्या जाड चटया आणि चारही बाजूंना लाकडी चौकटींवर ताणून चिकटवलेला पांढरा कागद. सरकवायचं दार एकच. आत दिवा लावला की सगळी खोली कंदिलासारखी उजळायची आणि आत बसलेल्या माणसाची सावली कागदावर उमटायची.

आत जाताना जोडे बाहेर काढायचे. पाहुणा आत गेला की खारूने त्याचे जोडे उचलायचे आणि त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला वळवून ठेवायची, म्हणजे निघताना पाय थेट घालता येतात. बाई म्हणायच्या, "माणूस आला की त्याच्या निघण्याची सोय आधी करून ठेवायची. ही त्यांच्याकडची अदब." खारूला हे काम सगळ्यांत आवडायचं.

आत्या दालनात यायला लागली ती नाइलाजाने. आई गेली तेव्हा खारू इतकी लहान होती की तिला आईचा चेहराही आठवत नाही. वडिलांच्या या धाकट्या बहिणीने तिला वाढवलं, लोकांचे कपडे शिवून, स्वतःचं लग्नबिग्न बाजूला सारून. आता तिचं डोकं दगा द्यायला लागलं होतं. गॅसवर दूध ठेवून ती फिरायला निघून गेली आणि शेजाऱ्यांना कुलूप तोडावं लागलं, त्यानंतर तिला एकटं ठेवणं बंद झालं. खारूचा नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. राहता राहिलं दालन.

कागदाची खोली आत्याला फार मानवली. ती चटईवर मांडी घालून बसायची आणि गुणगुणत हातातल्या फडक्याला टाके घालायची. कोणी पाहुणा डोकावला की म्हणायची, "या, बसा. कापड आणलंय ना?" एकदा तर एका वजनदार गृहस्थांच्या कमरेचं तिने वितीने माप घेतलं आणि गंभीरपणे सांगितलं, "तुम्हाला जरा जास्तच लागेल." गृहस्थ पोट धरून हसले. बाई हसल्या. खारूही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

२

मोठ्या संग्रहालयाची माणसं येणार आहेत, असं बाईंनी एक दिवस सांगितलं. बाईंना आता जिने चढवत नव्हते, नजर मंदावली होती. आपल्यामागे या वस्तूंचं काय होणार, हा त्यांचा एकच घोर होता. संग्रहालयाने सगळं एकत्र घेतलं तर प्रश्नच मिटत होता.

"त्या दिवशी आत्यांना घरी ठेवता आलं तर बघ गं," त्या म्हणाल्या. "असं म्हणणं बरं नाही, कळतं मला."

"बघते ना, बाई."

तिने काहीच बघितलं नाही. नवऱ्याला रजा घ्यायला सांगता आलं असतं. पण त्यावरून मागे एकदा खडाजंगी झाली होती आणि पुन्हा तोंड उघडायची तिची तयारी नव्हती. त्या दिवशी तिने आत्याला नेहमीसारखंच आणलं, नाडीचे बूट काढून दिले आणि कागदाच्या खोलीत बसवलं.

"आत्या, आज बाहेर यायचं नाही हं. पाहुणे आहेत. मी हाक मारली की यायचं."

"मारशील ना पण?"

"मारेन."

"मग मी बसते." आत्या खूश होऊन म्हणाली. "हाक मारेपर्यंत हलायची नाही."

खारूने दिवा मालवला. आत दिवा असला की सावली दिसली असती.

"अंधार कशाला गं?"

"अंधार कुठाय? दिवस आहे. थोडाच वेळ."

आत्याचे बूट तिने टोकं वळवून दारापाशी ठेवले नाहीत. गल्ल्याखालच्या कप्प्यात, जुन्या पिशव्यांच्या मागे सारले. दारावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी अडकवली आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली.

दोन पुरुष होते आणि एक उंच बाई, गळ्यात राखाडी मफलर. पुरुष टोपल्यांवरच अडकले. मफलरवाल्या बाई मात्र सावकाश मागे आल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या. तेवढ्यात खारूच्या पाठीमागून, अगदी जवळून, दबक्या आवाजात शब्द आले.

"खारू, येऊ का?"

मफलरवाल्या बाईंनी भुवया उंचावल्या. "आत कोणी आहे का?"

"आत कोणी नाही," खारू म्हणाली. ते इतकं सहज, इतकं नीटनेटकं बाहेर पडलं की तिची तीच दचकली. "मागच्या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो. कधीकधी आवाज येतो."

मफलरवाल्या बाईंनी मान डोलावली आणि त्या पुढे गेल्या.

आत बसलेल्या माणसाने ते ऐकलं, हे खारूला तिथल्या तिथे कळलं. कारण त्यानंतर दारातून फक्त तिच्या पाठीला जाणवणारं हलकं गुणगुणणंसुद्धा थांबलं.

३

पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायला मालकीणबाई बाहेर गेल्या. खारूने पाटी काढली आणि दारावर हात ठेवला. दार सरकवणार एवढ्यात बाईंची हाक आली.

"अगं, आत्या इथे बाहेर बसल्यात की."

खारूचा हात दारावरच राहिला. मग ती धावली. बाहेरच्या बाकावर आत्या बसली होती. पाठ ताठ, मांडीवर पिशवी, पायात बूट. नाड्या व्यवस्थित बांधलेल्या, दोन्ही बाजूंचे फासे सारखे. कित्येक महिन्यांत आत्याला स्वतःला नाडी बांधता आलेली नव्हती.

"आत्या, तू कधी आलीस बाहेर?"

आत्या तिच्याकडे बघून हलकं हसली. रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं. "निघायचं का?" ती म्हणाली.

पाहुण्यांना पाणी द्यायला मी मध्येच पुढे गेले होते, तेव्हा निसटली असेल, खारूने मनाशी ठरवलं. बूट तिने शोधून काढले असतील. पिशव्यांच्या मागून. न विचारता, न खुडबुड करता. असेलही. म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही.

बाई आनंदात होत्या, सगळं छान झालं म्हणत होत्या. शटर ओढून खारू आणि आत्या घरी निघाल्या. दार सरकवायचं ते राहूनच गेलं. हाकही राहिली.

४

घरी आत्या शहाण्यासारखी वागायला लागली.

दुसरा शब्द नाही त्याला. जेवून स्वतःचं ताट धुऊन ठेवायची. गोळ्या वेळेवर घ्यायची. खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं की उठ म्हणेपर्यंत बसून राहायची. गॅसकडे फिरकायची नाही. एकच गोष्ट सातव्यांदा विचारायची तिची सवय होती, ती पार गेली. ती काहीच विचारत नसे. टाके घालणं सुटलं, गुणगुणणं सुटलं. घरातही बूट घालूनच वावरायची, एवढंच काय ते विचित्र.

"नवीन गोळ्या लागू पडल्या," नवरा म्हणाला. "आता खुशाल घरी ठेव तिला. तुझी धावपळ तरी वाचेल."

आणि खरंच, कित्येक दिवसांनी खारू गाढ झोपली. सकाळी जाग आल्यावर आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. आत्याला न्याहारी देताना ती मुद्दाम म्हणाली, "आत्या, तू मला हल्ली हाकच मारत नाहीस."

आत्याने घास चावून गिळला, ओठ पुसले. "काही हवंय का तुला?" तिने विचारलं.

त्याच दिवशी दालनात कागदाला भोक सापडलं.

बोटाच्या टोकाएवढं, गोल. कोणा पाहुण्याच्या पोराचा उद्योग, हे खारूला नवीन नव्हतं. ओल्या बोटाने हा कागद आवाज न करता फाटतो आणि पोरांना ते कोणी शिकवावं लागत नाही. अशा भोकांवर फुलाच्या आकाराचं कागदाचं ठिगळ खळीने चिकटवायचं, असं बाईंनी तिला शिकवलं होतं. ती खळ कालवून घेऊन आली आणि गुडघ्यांवर बसली. फाटलेल्या कागदाचे तंतू बाहेरच्या बाजूला, तिच्याकडे वळलेले होते. भोक आतून पाडलेलं होतं. आणि ते बसलेल्या मुलाच्या उंचीवर नव्हतं. मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत होतं.

तिने दार सरकवून आत बघितलं. रिकाम्या चटया. गवताचा कोरडा वास.

मूल आत बसून खेळलं असेल. मोठं असेल मूल. तिने ठिगळ लावलं, कडा अंगठ्याने दाबून बसवल्या.

दुसऱ्या दिवशी ठिगळाच्या मधोमध भोक होतं.

५

त्यानंतर खारू दालनात रेडिओ लावायला लागली. अगदी हळू. कारण सगळं शांत असलं आणि कागदाच्या खोलीचं दार बंद असलं की तिला गुणगुणणं ऐकू यायचं. दार उघडलं की थांबायचं. पाइप, तिने स्वतःला सांगितलं. मग तिला आठवलं की भिंतीत पाइप नाहीच. तो तिने त्या दिवशी उभ्या उभ्या रचला होता.

निळीची कापडं बघायला अधूनमधून एक शिक्षिका यायच्या. शाळेत चित्रकला शिकवत. पुष्कळ वेळ बसायच्या, घ्यायच्या काहीच नाहीत. त्या दिवशी त्या कागदाच्या खोलीत निवांत बसून बाहेर आल्या तेव्हा खारूने त्यांचे जोडे वळवून ठेवलेले होते. पाय घालता घालता त्या म्हणाल्या, "आतल्या आजी तुमच्याच का?"

"आतल्या?"

"गोड आहेत हो. मी म्हटलं, चला बाहेर, चहा घेऊ. तर म्हणाल्या, तुम्ही सांगून ठेवलंय, हाक मारल्याशिवाय यायचं नाही." शिक्षिका हसल्या, पण खारूचा चेहरा बघून त्यांचं हसू ओसरलं. "अंधार फार वाटतो म्हणत होत्या. वाईट नका वाटून घेऊ, पण तेवढा दिवा लावला असता तर?"

"तुम्ही त्यांना बघितलंत?"

"म्हणजे काय? शेजारीच तर…" शिक्षिका थांबल्या. त्यांनी मागे वळून उघड्या दारातून आत बघितलं, बराच वेळ. मग बाहीवरून हात फिरवला, जणू तिथे काही लागलं होतं. "मी डोळे मिटून बसले होते," त्या सावकाश म्हणाल्या. "शांत वाटतं म्हणून. डोळे मिटलेलेच होते माझे."

त्या निरोप न घेता गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

खारू गल्ल्यापाशी बसून राहिली. आत्या पूर्वी रोज यायची, तेव्हा ती या शिक्षिकांशी असलंच काहीबाही बोलली असेल. त्यांना डुलकी लागली असेल, जुनं बोलणं स्वप्नात आलं असेल. हे पटण्यासारखं होतं. पण हाक मारल्याशिवाय यायचं नाही, हे खारूने एकदाच सांगितलं होतं. त्याच दिवशी. आणि तेव्हा ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

उठून तिने आतला दिवा लावला, आणि त्या दिवसापासून तो मालवला नाही.

६

शेवटी तिने आत्याला दालनात आणायचं ठरवलं. समोरासमोर सोक्षमोक्ष झालेला बरा. काय होणार आहे? म्हातारी आत जाऊन बसेल, फडकं मागेल, गुणगुणेल, आणि आपण मूर्ख ठरू. मूर्ख ठरायला खारूची काही हरकत नव्हती. तेवढं झालं तर तिला हवंच होतं.

आत्या निमूटपणे आली. टोपल्या, वाडगे, कापडं यांच्याकडे तिने बघितलंही नाही. कागदाच्या खोलीपासून चार हात लांब थांबली.

"बूट काढ ना, आत्या. तुझी खोली आहे. बस आत."

आत्या हलली नाही.

"तुला आवडायचं ना इथे? दिवससुद्धा पुरायचा नाही तुला."

आत्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. नजर स्वच्छ होती, कशाचाही गोंधळ नसलेली. मग ती बोलली, आणि तो आवाज आत्याचा नव्हता. दालनात पाहुण्यांशी बोलताना खारू जो सांभाळून, गुळगुळीत आवाज काढायची, तो होता.

"आत कोणी नाही. मागच्या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो. कधीकधी आवाज येतो."

"आत्या, मला तू लहानपणी काय म्हणायचीस?"

"चांगली मुलगी आहेस तू," आत्या म्हणाली. "निघायचं का?"

वाटेत खारूने पुन्हा हिशेब जुळवून बघितला. यात गूढ काहीच नाही. त्या दिवशी आत्या कागदाच्या पलीकडे बसली होती, तिने शब्द न् शब्द ऐकला, तो तिच्या मनात घर करून बसला. दुखावलेलं म्हातारं माणूस अबोल होतं, परकं वागतं. डॉक्टरांना विचारलं तर तेही हेच सांगतील.

हे उत्तर सगळ्यांत साधं होतं आणि खारूला तेच सगळ्यांत जास्त सोसवत नव्हतं.

७

संग्रहालयाचा होकार आला. बाईंनी खारूला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तिकडे तुलाही घेणार आहेत, मी अट घातली होती." त्यानंतर वस्तू कापूस आणि कागदात गुंडाळून पेट्यांत जायला लागल्या. टोपल्या गेल्या, वाडगे गेले. भिंती उघड्या पडल्या. शेवटी राहिली ती मागची खोली.

ती बांधणारा सुतारच ती उतरवायला येणार होता. आदल्या दिवशी सकाळी येऊन तो चौकटी बघून गेला. "लाकूड सगळं वाचेल," तो म्हणाला. "कागद आधी फाडून काढावा लागेल. उद्या आलो की पहिलं तेच." त्याने टिचकी मारली. ताणलेला कागद डफासारखा बोलला, आणि खारूला वाटलं, आत काहीतरी अंग चोरून मागे सरकलं.

"काय झालं, ताई?"

"काही नाही."

दुपारी बाई विश्रांतीला घरी गेल्या. रिकाम्या दालनात खारू एकटीच होती. ती कागदाच्या दारासमोर जमिनीवर बसली.

हाक मारायची होती, दुसरं काही नाही. एक शब्द. इतके दिवस ती का मारली नाही, याचं उत्तर तिला ठाऊक होतं आणि आता ते झाकून ठेवण्यात अर्थ नव्हता. घरी खुर्चीवर जी बसली होती ती सोयीची होती. ती दूध उतू घालवत नव्हती, चारचौघांत माप घेत नव्हती, अंथरूण ओलं करत नव्हती, मध्येच उठून माझी आई कुठे गेली म्हणून रडत नव्हती. अशी आत्या खारूने मनातल्या मनात कितीदा मागितली होती. ती मिळाली होती. आता हाक मारायची म्हणजे दुसरीला परत बोलवायचं, सगळ्या पसाऱ्यासकट.

उद्या कागद फाटला की प्रश्नच मिटत होता. तसं मनात आल्याबरोबर तिला स्वतःची किळस आली.

आत दिवा जळत होता. कागदावर काहीच नव्हतं, मग होतं. सावली कशी आली ते तिने बघितलं नाही. मांडी घातलेली, खांदे किंचित पुढे आलेले, मान शिवणावर झुकलेली. हात वरखाली होत होता. टाके. मग तो थांबला. सावली कागदाच्या जवळ आली, मोठी झाली, आणि कागदावर एक ओला डाग पडला. डागातून बोटाचं टोक बाहेर आलं. सुईच्या टोचण्यांनी खरबरीत झालेलं, नख आडवं वाढलेलं. ते हळूच मागे गेलं. भोकात काहीतरी चकाकलं, एकदा मिटलं, पुन्हा उघडलं.

खारूने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली.

"आत्या," मग ती म्हणाली. "आत्या, ये गं बाहेर. झालं सगळं."

आतून एक लांब सुस्कारा, गुडघ्यांवर हात टेकून उठणाऱ्या माणसाचा.

"आले गं, खारू."

दार सरकलं. खारूने मान वर केली नाही. वर बघितलं आणि कोणी नसलं तर? आणि असलं तर? तिने जमिनीवर नजर खिळवून ठेवली, आणि तिथे चटईच्या कडेवर दोन पावलं आली. अनवाणी. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

"माझे बूट?"

"घरी आहेत," खारू म्हणाली.

"बरं." आणि तिच्या हातात एक हात आला. कोरडा, खरखरीत, गरम.

८

रस्त्यावर ऊन कलतं होतं. लोक कामावरून परतत होते. खारू समोर बघत चालत होती, उजवा हात जरा बाजूला, आधार देताना धरतात तसा. शेजारून अनवाणी पावलांची घसट ऐकू येत होती आणि बोलणं, जे थांबतच नव्हतं.

"गॅस बंद केलास का?"

"केला."

"मी गप्प बसले होते ना?"

"हो, आत्या."

"एकदाच बोलले. चुकून. तुझ्या पाहुण्यांनी ऐकलं का?"

"नाही ऐकलं."

"मग बरं. मी म्हटलं, पोरीचं काम बिघडायला नको." थोडं पुढे गेल्यावर, "गॅस बंद केलास का?"

"केला, आत्या. केला." खारूच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिचा एक हात मोकळा होता, तरी तिने पुसलं नाही. रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या मोठ्या काचेत तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. शेजारी काय आहे ते दिसण्याआधी मधून एक बस गेली, आणि बस गेली तेव्हा त्या दोघी पुढे आल्या होत्या.

घर तळमजल्यावर. खिडकीचा पडदा बाजूला होता. आत खुर्चीवर आत्या बसली होती, ताठ, गुडघ्यांवर हात, पायात बूट. नवऱ्याच्या दुकानाला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. तो मागे स्वयंपाकघरात काहीतरी करत होता.

खारूच्या हातातला हात अडखळला.

"घरात कोणी आलंय वाटतं," शेजारचा आवाज म्हणाला, एकदम हळू. "मी थांबते इथे पायरीवर. तुझी अडचण नको."

खारूने तो हात घट्ट धरला.

"अडचण नाही," ती म्हणाली. "घर तुझं आहे. माझ्याबरोबर चल."

"लोक असले तरी?"

"असू देत."

तिने घंटी वाजवली. दार उघडून नवरा म्हणाला, "लवकर आलीस? आत्याला आत्ताच मी चहा…" आणि तिथेच थांबला. त्याची नजर खारूच्या चेहऱ्यावरून तिच्या शेजारी गेली, जरा खाली, तिच्या खांद्याएवढ्या उंचीच्या माणसाकडे बघावं तशी, आणि तिथेच राहिली. हातातलं फडकं खाली पडलं. अरुंद वाटेत वडीलधाऱ्या माणसाला जागा करून देतात तसा तो एक पाऊल मागे सरकून भिंतीला टेकला.

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. मग बुटांची पावलं वाजली, सावकाश, एकासारखं एक, दाराच्या दिशेने.

खारूने हातातला हात सोडला नाही.